किनाऱ्यावरचे आरमार

नौदलाचा राखीव अधिकारी म्हणजे एरवी आपल्या पोटापाण्याच्या धंद्यात असलेला आणि देशाला गरज पडली की गणवेश चढवणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात असे लोक लाखांनी आले. वकील, शिक्षक, विमा-एजंट, शेतकऱ्यांची मुले अशी सगळी त्यात होती. पुष्कळजण समुद्रावर गेले. मात्र जहाज समुद्रावर तरंगत आणि लढत राहावे म्हणून जमिनीवर जे प्रचंड काम लागते, ते करणारेही याच राखीव दलातून आले. त्यांच्या वाट्याला वादळे आली नाहीत, पाणबुड्या आल्या नाहीत, आणि युद्धकथांतही त्यांना फारशी जागा मिळाली नाही. ग्रेस मरे हॉपर त्यांच्यापैकी एक. १९४३ च्या डिसेंबरात त्यांनी नौदलाची शपथ घेतली आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. मधल्या साऱ्या काळात लढाऊ जहाजावर त्यांची एकदाही नेमणूक झाली नाही. संगणकाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे, परंतु त्या स्वतःची ओळख नौदलाची अधिकारी अशीच आधी सांगत. चरित्रकार सहसा हा क्रम उलटा लावतात. त्यांचाच क्रम धरला, तर त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

जन्म न्यू यॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. वडील वॉल्टर मरे विम्याच्या व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती. आईच्या बाजूचे पणजोबा अलेक्झांडर रसेल हे नौदलात ॲडमिरल होते आणि अमेरिकी यादवी युद्धात मोबाइल बेच्या लढाईत लढलेले होते, त्यामुळे आरमार हा घरातल्या बोलण्याचा विषय होता. सात वर्षांच्या ग्रेसने गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी घरातली सात घड्याळे एकामागून एक उघडली. शेवटी आईने तिला एकच घड्याळ खोलायला दिले आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही असे बजावले, ही गोष्ट त्या म्हातारपणापर्यंत सांगत. १९२८ साली व्हॅसार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. आणि १९३४ मध्ये तिथलीच गणितातली पीएच.डी., अशी त्यांची शिक्षणाची वाट. १९३० मध्येच साहित्याचे प्राध्यापक व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झाले, आणि दुसऱ्या वर्षीपासून त्या व्हॅसारमध्ये शिकवू लागल्या. त्या विद्यार्थिनींना गणितावर निबंध लिहायला लावत आणि त्यातल्या भाषेलाही गुण देत. मुली कुरकुरत की हा गणिताचा तास आहे. जे लिहून सांगता येत नाही ते समजलेच नाही, या मतावरून बाई ढळत नसत. पुढे नौदलाने त्यांच्याकडून नेमके हेच कसब मागितले.

पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा त्यांना पस्तीस पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. त्यानंतर मरे कुटुंबात सुट्टा माणूस राहिला नाही. दोन्ही पाय गमावलेले वडील लष्करभरतीच्या मंडळावर काम करू लागले, आई रेशनिंगच्या मंडळावर गेली, भाऊ सैन्यात गेला, बहीण युद्धसाहित्याच्या कारखान्यात लागली. घरची आघाडी असे ज्याला म्हणतात ती अशा घरांतून उभी राहिली. कोणाला पेट्रोलची किती कुपने द्यायची आणि कोणत्या मुलाला कधी बोलावणे धाडायचे हे ठरवणारी माणसे त्याच गल्लीत राहणारी होती आणि ज्यांच्याबद्दल ठरवायचे तेही त्याच गल्लीतले होते. या सगळ्यात आपण तेवढ्या कॉलेजात कलन शिकवत बसलो आहोत, हे हॉपरबाईंना बोचू लागले.

नौदलात जायचे तर वाट एकच होती. ३० जुलै १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने एक कायदा झाला आणि नौदलाच्या राखीव दलात स्त्रियांची स्वतंत्र शाखा निघाली. तिचे आद्याक्षरांचे नाव ‘वेव्ह्ज’ असे जुळवलेले होते. वेलस्ली कॉलेजच्या अध्यक्ष मिल्ड्रेड मॅकाफी तिच्या पहिल्या संचालक झाल्या. कायद्याची भाषा सावध होती. स्त्रियांना जहाजावर किंवा लढाऊ विमानात कामाला घ्यायचे नाही, देशाच्या मुख्य भूमीबाहेर पाठवायचे नाही (ही दुसरी अट १९४४ च्या अखेरीस थोडी सैल झाली), आणि नेमणूक युद्ध संपून सहा महिने होईपर्यंतच. उद्देश उघड होता. एका बाईने टेबल सांभाळले की एक पुरुष समुद्रावर जायला मोकळा. ज्या पुरुषांना असे मोकळे केले गेले, त्यांतल्या सगळ्यांनाच ते सुख वाटले असे नाही. किनाऱ्यावरची उबदार खुर्ची गेल्याचा राग काहींनी या मुलींवर काढला. युद्ध संपेपर्यंत वेव्ह्जची संख्या ऐंशी हजारांच्या वर गेली. विमानतळांवरच्या नियंत्रणकक्षांत, पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या शाळांत, टपालघरांत, इस्पितळांत आणि वॉशिंग्टनच्या सांकेतिक लिपी फोडणाऱ्या विभागात त्या होत्या. ओहायोतल्या डेटन गावी, गल्ले बनवणाऱ्या एका कंपनीच्या आवारात, जर्मनांची ‘एनिग्मा’ ही सांकेतिक लिपी फोडणाऱ्या यंत्रांच्या चाकांना शेकडो मुली तारा जोडत होत्या. आपण काय जोडतो आहोत हे त्यांना सांगितलेले नव्हते. काळ्या स्त्रियांसाठी मात्र हे दार १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत बंद होते. हॅरिएट पिकन्स आणि फ्रान्सिस विल्स या दोघी पहिल्या काळ्या अधिकारी झाल्या तेव्हा १९४४ चे वर्ष सरत आले होते.

अशी शाखा हिंदुस्थानातही होती. रॉयल इंडियन नेव्हीची महिला सेवा युद्धकाळात सुरू झाली, आणि तिच्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन जून १९४५ मध्ये स्कॉटलंडमधल्या रोझाइथ गोदीला भेट देताना काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडीच्या गणवेशातली ती तरुणी आणि अमेरिकेतली गणिताची प्राध्यापिका एकाच युद्धात, एकाच प्रकारच्या कामावर होत्या. समुद्र दोघींच्या अंगणापर्यंत आलेला होता, जहाजावर कामाला जायची परवानगी नव्हती.

हॉपर यांच्या अर्जावर नौदलाने तीन हरकती घेतल्या. वय जास्त होते. वजन जवळपास अठ्ठेचाळीस किलो, म्हणजे उंचीच्या मानाने हवे त्यापेक्षा सातेक किलो कमी होते. शिवाय गणिताचा शिक्षक हा युद्धासाठी आवश्यक माणूस ठरवलेला असल्याने त्याला जागेवरून हलवता येत नव्हते. वजनासाठी त्यांनी सवलत मिळवली. कॉलेजला त्यांनी सांगितले की सोडले नाही तर नोकरीच सोडेन. डिसेंबर १९४३ मध्ये शपथ झाली, आणि पुढच्या वर्षी नॉर्थॅम्प्टन गावातल्या स्मिथ कॉलेजात राखीव अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला त्या दाखल झाल्या. बरोबरीच्या मुलींपैकी अनेक जणी त्यांच्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा वयाच्या होत्या. त्या मुलींना ठरलेले उठणे, ठरलेले जेवण, कवायत आणि सलाम यांचा जाच वाटे. हॉपरबाईंना मात्र तिथे मऊ गादीवर अंग टाकल्यासारखे वाटले. आज काय शिजवायचे आणि रेशनमध्ये मांस मिळेल का ही रोजची विवंचना गेली होती. महिनाभर हुकूम पाळायला शिकायचे, महिनाभर हुकूम द्यायला शिकायचे, की झाला अधिकारी, असे त्या पुढे गमतीने सांगत. तुकडीत त्या पहिल्या आल्या. जून १९४४ च्या अखेरीस लेफ्टनंट (ज्युनिअर ग्रेड) म्हणून कमिशन मिळाले. येलमधले त्यांचे प्राध्यापक हॉवर्ड एंग्स्ट्रम नौदलाच्या सांकेतिक विभागात होते, त्यामुळे आपली नेमणूक तिकडेच होणार असे त्या धरून चालल्या होत्या. ऐनवेळी हुकूम बदलला आणि जहाजबांधणी खात्याच्या गणन प्रकल्पावर, हार्वर्ड विद्यापीठात हजर व्हा असा कागद हाती आला.

२ जुलै १९४४ रोजी त्या तिथे पोचल्या. प्रकल्पाचे प्रमुख कमांडर हॉवर्ड एकन हे स्वतःही राखीव अधिकारीच. हार्वर्डमधले त्यांचे स्वतःचे यंत्र तयार होत असताना नौदलाने त्यांना व्हर्जिनियात सुरुंगयुद्धाच्या शाळेत शिकवायला बसवले होते. तिथून मोठ्या प्रयत्नाने त्यांना परत आणले गेले. स्त्री अधिकारी आपल्याला नको, असे त्यांचे मत होते. हाताखालच्या दोन तरुण अधिकाऱ्यांनी, रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल यांनी, कोणी म्हातारी शिक्षिका येणार म्हणून तिच्या शेजारच्या टेबलावर कोण बसणार यावरून आपसात सौदेही केले होते, असे हॉपर सांगत. एकन यांनी स्वागतादाखल इतके दिवस कुठे होतात असे विचारले, यंत्राकडे बोट दाखवले आणि एका श्रेणीचे सहगुणक तेवीस अंकांपर्यंत काढून पुढच्या गुरुवारी द्या, असे फर्मावले. यंत्र चालवायचे कसे हे कोणी शिकवणार नव्हते, कारण शिकवण्याइतके ते जाणणारी माणसे जगात दोन-तीनच होती, आणि ती कामात होती.

हे यंत्र म्हणजे ‘मार्क वन’. आयबीएम कंपनीने एंडिकॉटच्या कारखान्यात ते बांधले होते. लांबी एक्कावन्न फूट, उंची आठ फूट, वजन पाच टनांच्या आसपास, सुटे भाग साडेसात लाखांहून अधिक. एक लांब पोलादी दंड विजेच्या मोटरीवर सतत फिरत राही आणि त्याच्या तालावर शेकडो चाके आणि रिले खडखडत. बेरजेला सेकंदाचा तिसरा हिस्सा, गुणाकाराला सुमारे सहा सेकंद, आणि एखादा लॉगरिथम काढायचा तर मिनिटाहून जास्त वेळ लागे. आज हे आकडे वाचून हसू येते. पण खोलीभर माणसे हातयंत्रे फिरवून जे महिन्यांत करत ते हे यंत्र दिवसांत करी, आणि मुख्य म्हणजे तेवीस अंकी संख्या न थकता हाताळी. हुकूम द्यायचे ते चोवीस छिद्रांच्या ओळी पाडलेल्या कागदी फितीवरून. एखादे गणित पुन्हा पुन्हा करायचे तर फितीची दोन टोके चिकटवून तिचे कडे करायचे. चुकीचे भोक पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. वेगळ्या वाटेने जायचे ठरवण्याची अक्कल यंत्राला नव्हती. तशी वेळ आली की ते थांबे आणि समोरचा नाविक हाताने फीत बदली.

नाविक म्हणण्याचे कारण असे की तळघरातली ती प्रयोगशाळा एकन यांनी जहाजासारखीच चालवली. गणवेश सक्तीचा होता, सलाम सक्तीचा होता, आणि दिवसरात्र पाळ्या होत्या. यंत्र बंद पडले की अधिकारी मध्यरात्री उठून येत. शिपाई दर्जाचे नाविक यंत्र चालवत, अधिकारी गणित मांडत, आणि नोंदवहीत जहाजाच्या लॉगप्रमाणे प्रत्येक थांबण्याची वेळ आणि कारण लिहिले जाई. विद्यापीठातले बाकीचे प्राध्यापक या बंदोबस्ताला नाके मुरडत. पण या शिस्तीत एक गोष्ट घडली जी खुल्या विद्यापीठात इतक्या लवकर घडली नसती. यंत्राला हुकूम लिहिणे हे लहरीने करायचे काम नसून नोंद ठेवून, तपासून, दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल असे करायचे काम आहे, ही सवय या माणसांना पहिल्या दिवसापासून लागली.

कामे नौदलाच्या निरनिराळ्या खात्यांकडून येत. नव्या तोफेचा पल्ला किती कोनाला किती, याचे तक्ते हवेत. तक्ते नसले तर तोफ नुसती लोखंडाचे ओझे, कारण डेकवरचा तोफची समीकरणे सोडवत बसू शकत नाही. रॉकेटची वाट काढून हवी. पोलादी जहाजाच्या चुंबकी क्षेत्राने फुटणारे सुरुंग निकामी करण्यासाठी, सुरुंग काढणाऱ्या बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या तारेचे क्षेत्र कुठवर पसरेल ते हवे. प्रत्येक कामाला घाई होती. समुद्रावर कोणीतरी त्या कागदाची वाट पाहत आहे, ही जाणीव त्या तळघरात होती. घरच्या आघाडीवरच्या बहुतेक कामांत ती नसते. नट आवळणाऱ्याला आपला नट कुठल्या विमानात गेला ते कळत नाही. इथे मात्र प्रश्न विचारणाऱ्या खात्याचे नाव कागदावर असे, उत्तर चुकले तर कोण मरेल याची कल्पना करता येई.

एका प्रश्नाच्या बाबतीत तीही सोय नव्हती. १९४४ च्या उत्तरार्धात जॉन फॉन नॉयमन हे गणिती हार्वर्डला आले आणि आत कोसळणाऱ्या गोलकाच्या दाबलहरीचे एक समीकरण ठेवून गेले. ब्लॉक यांनी ते यंत्रावर बसवले. फॉन नॉयमन फळ्यावर आकडे आधीच अदमासाने मांडत आणि यंत्रातून जवळपास तेच येताना पाहून सगळे थक्क होत. समीकरण कशाचे, हे त्या खोलीला सांगितले गेले नव्हते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेला बॉम्ब याच आत कोसळण्याच्या तत्त्वावर बांधलेला होता. बॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत हीच आकडेमोड पंच-कार्डांच्या यंत्रांवरही चालू होती, हेही खरे. तरीही किनाऱ्यावरच्या निरुपद्रवी टेबलांचा हिशेब मांडताना हे टेबल वगळून चालणार नाही. घरी राहून केलेल्या युद्धात रक्त दिसत नाही, एवढ्यावरून ते कमी युद्ध ठरत नाही.

हॉपर यांच्या वाट्याला आणखी एक काम आले. एके दिवशी एकन यांनी त्यांना सांगितले की या यंत्राचे पुस्तक तुम्ही लिहायचे आहे. मला पुस्तक लिहिता येत नाही, असे त्या म्हणाल्या. तुम्ही आता नौदलात आहात, एवढेच उत्तर आले. मग रोज सुमारे पाच पाने लिहायची आणि संध्याकाळी ती एकन यांना वाचून दाखवायची, असा शिरस्ता पडला. १९४६ मध्ये हार्वर्डने ते पाचशेहून अधिक पानांचे जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. चार्ल्स बॅबेजपासूनचा इतिहास, यंत्राच्या प्रत्येक भागाची रचना, प्रत्येक क्रियेचे हुकूम आणि सोडवलेली उदाहरणे त्यात आहेत. संगणकाला हुकूम कसे द्यावेत हे सांगणाऱ्या जगातल्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. गणिताच्या मुलींना निबंध लिहायला लावणाऱ्या बाईंना नौदलाने स्वतःच निबंधाला बसवले, आणि तो उत्तम वठला.

हार्वर्डमधल्या वह्यांतूनच पुढच्या कामाचे बीज पडले. साइन, कोसाइन, वर्गमूळ यांसाठी लिहिलेले हुकूम एकदा बरोबर ठरले की हॉपर, ब्लॉक आणि कॅम्पबेल ते आपापल्या वह्यांत जपून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना चुका होत. आकड्यांना प्रत्येक ठिकाणी नवे पत्ते द्यावे लागत, आणि ती साधी बेरीजही चुके. पीएच.डी. झालेल्या माणसांना धड नक्कल करता येत नाही आणि धड बेरीज करता येत नाही, हे त्यांनी पाहून ठेवले.

युद्ध संपले तेव्हा अनेक राखीव लोकांप्रमाणे त्यांच्याही हाती काही उरले नव्हते. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. नियमित नौदलात घ्या म्हणून त्यांनी अर्ज केला, तर अडतीस हे वय मर्यादेबाहेरचे ठरले. व्हॅसारने परत बोलावले, त्यांनी नकार दिला. राखीव दलातले कमिशन तेवढे शिल्लक राहिले, आणि नौदलाच्या कंत्राटावर हार्वर्डमध्ये संशोधकाची जागा मिळाली. ‘मार्क टू’ हे पुढचे यंत्र नौदलाच्या डॅलग्रेन येथील तोफखाना-चाचणी केंद्रासाठी बांधले जात होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावला गेला. ती वही आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. हा पतंग हॉपर यांनी पकडला असे छापले जाते, वर्षही अनेकदा १९४५ दिले जाते, दोन्ही चूक. त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, एवढाच त्यांचा वाटा. १९४९ मध्ये हार्वर्डची मुदत संपली. स्त्रीला तिथे कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. युद्धातल्या रात्रपाळ्यांत सुरू झालेले मद्यपान या काळात हाताबाहेर गेले आणि मित्रांना मध्ये पडावे लागले. पराक्रमाच्या पुस्तकांत हे पान गाळतात. समुद्रावरून परतलेल्यांच्या खचण्याबद्दल सहानुभूतीने लिहिले गेले. तळघरातून परतलेल्यांचेही काही खचत होते, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

पुढची अठरा वर्षे त्यांनी नागरी वेशात काढली, राखीव दलातले नाव मात्र कायम ठेवले. १९५२ मध्ये लेफ्टनंट कमांडर, १९५७ मध्ये कमांडर अशा बढत्या मिळत राहिल्या. नोकरी फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत होती. ती लवकरच रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तिथे ‘युनिव्हॅक’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र होते आणि जुन्या वह्यांचा प्रश्न पुन्हा समोर होता. नक्कल करणे आणि पत्त्यांची बेरीज करणे हे माणसाला जमत नाही, यंत्राला जमते, तर ते यंत्रालाच का करू देऊ नये? १९५२ पर्यंत त्यांनी असा प्रोग्रॅम चालवून दाखवला. तयार तुकडे चुंबकी फितीवर असत, आणि कोणता तुकडा कुठे हवा एवढे सांगितले की जोडणी यंत्र स्वतः करी. ‘ए-झिरो’ कंपायलर तो हा. त्यानंतर त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम घेणारी ‘फ्लो-मॅटिक’ भाषा उभी केली. साहेबांना पटवण्यासाठी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला, तर साहेब हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या सभ्य अमेरिकी यंत्राला परकी भाषा कळणे त्यांना रुचले नाही.

१९५९ च्या मे महिन्यात अमेरिकी संरक्षण खात्याने पेंटागॉनमध्ये बैठक बोलावली आणि तीतून कोबॉल भाषा जन्मली. हॉपर यांना कोबॉलची जननी म्हणण्याचा प्रघात आहे, तो तसाच्या तसा घेऊ नये. भाषा लिहिणाऱ्या समितीत त्या नव्हत्या. सल्लागार होत्या, आणि समितीने पायाला घेतलेली भाषा त्यांची होती. मोठे काम दुसरीकडे आहे. त्यांनी ती भाषा व्यापाऱ्यांच्या, बँकांच्या आणि लष्कराच्या गळी उतरवली. पुण्या-मुंबईत १९९० च्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या पिढीला कोबॉलची ओळख वेगळी करून द्यायला नको. वर्ष दोनच अंकांत लिहिण्याच्या जुन्या काटकसरीमुळे २००० साल उजाडताना अमेरिकी बँकांचे हिशेब कोसळू नयेत, म्हणून ते प्रोग्रॅम तपासायला इथून मुले-मुली मोठ्या संख्येने गेली, आणि त्यांच्या पगारांवर कित्येकांनी कोथरूड-ठाण्यात पहिले फ्लॅट घेतले.

३१ डिसेंबर १९६६ रोजी साठाव्या वर्षी नौदलाने त्यांना राखीव दलातून निवृत्त केले. आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस, असे त्या त्याबद्दल म्हणत. सात महिनेही झाले नाहीत तोच परत बोलावणे आले. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर नौदलाचे कोबॉल प्रोग्रॅम एकसारखे चालत नव्हते आणि पगारपत्रकाचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहूनही बसत नव्हता. १ ऑगस्ट १९६७ पासून सहा महिन्यांसाठी हजर व्हावे, असा हुकूम होता. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले. पेंटागॉनमध्ये मिळालेल्या खोलीत सामान नव्हते, तेव्हा त्यांच्या माणसांनी रात्री दुसऱ्यांच्या कचेऱ्यांतून टेबल-खुर्च्या उचलून आणल्या, आणि खोलीत चाचेगिरीचा कवटीचा झेंडा लागला. भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत असे. आजवर असेच करत आलो, हे वाक्य खोलीत ऐकू येऊ नये यासाठी ते होते. काम मात्र चाचेगिरीचे नव्हते. कोणत्याही कंपनीचा कंपायलर प्रमाण कोबॉल नीट समजतो की नाही हे तपासणारे प्रोग्रॅम त्यांच्या गटाने लिहिले. जो नापास होईल त्याच्याकडून नौदल यंत्र घेणार नाही, असा धाक बसला. १९४४ च्या नोंदवहीची शिस्त आता साऱ्या उद्योगाला लागू झाली.

याच काळात त्या व्याख्याने देत देशभर फिरल्या. सोबत तारेच्या जुडग्या असत. प्रत्येक तुकडा सुमारे तीस सेंटिमीटरचा होता, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त जितके जाऊ शकते तेवढा. उपग्रहावरून संदेश यायला इतका वेळ का लागतो असे विचारणाऱ्या ॲडमिरलांच्या हाती त्या एक तुकडा ठेवत आणि असे किती तुकडे उपग्रहापर्यंत लागतील ते मोजायला सांगत. मायक्रोसेकंद फुकट घालवणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी असाच प्रयोग कित्येक फुटांच्या वेटोळ्याने होई. तरुण नाविक आणि विद्यार्थी यांच्याशी त्या जेवढ्या रमत तेवढ्या वरिष्ठांशी नाही.

वय नियमांत बसत नव्हते म्हणून बढत्याही नियमाबाहेरून आल्या. १९७३ मध्ये कॅप्टन. १९८३ मध्ये दूरचित्रवाणीवरची मुलाखत पाहून प्रतिनिधीगृहाचे सदस्य फिलिप क्रेन यांनी ठराव आणला आणि डिसेंबरात व्हाइट हाऊसमध्ये अध्यक्ष रेगन यांच्या हस्ते कमोडोरपद मिळाले. दोन वर्षांनी त्या पदाचेच नाव रिअर ॲडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी निवृत्तीचा समारंभ बॉस्टन बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर झाला. तेव्हा त्यांचे वय एकोणऐंशी होते आणि नौदलात सक्रिय असलेल्या अधिकाऱ्यांत त्या सर्वांत वयस्कर होत्या. जहाज मात्र त्यांच्याहून शंभराहून जास्त वर्षांनी मोठे होते. स्त्रियांना नौदलाच्या बिगर-लढाऊ जहाजांवर नेमण्याची कायद्यातली अडचण १९७८ मध्ये दूर झाली होती. हॉपर तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

निवृत्तीनंतर डिजिटल इक्विपमेंट कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून घेतले, आणि तिथेही त्या बहुतेक व्याख्याने नौदलाच्या गणवेशातच देत. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात दफन झाले. ६ सप्टेंबर १९९७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ‘हॉपर’ ही विनाशिका नौदलात दाखल झाली. क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या या जहाजाला खलाशी त्यांच्याच टोपणनावाने ‘अमेझिंग ग्रेस’ म्हणतात. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मरणोत्तर स्वातंत्र्यपदक दिले. गुलामगिरीचा समर्थक उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून याचे नाव येल विद्यापीठातल्या एका कॉलेजला होते. विद्यार्थ्यांनी ते बदलण्याचा आग्रह अनेक वर्षे धरला होता. २०१७ मध्ये विद्यापीठाने ते काढले आणि त्या कॉलेजला ग्रेस हॉपर यांचे नाव दिले.